उतारावरचे घर : खिडकी की भिंत?

दिवाळीच्या थोडे आधी बालाघाटहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. घराच्या मागच्या भिंतीला एक मोठी खिडकी पाडावी असे त्याच्या मनात आले आहे. "तू कॉलेजात मुलांना एवढे सांगत असतोस, मग मलाही सांग. पाडू की नको?" असा त्याचा सवाल. मी काही वास्तुशास्त्राचा माणूस नव्हे; विषय माझा इतिहास. तरी या साध्या प्रश्नाने मला बरेच दिवस गुंतवून ठेवले, आणि त्या निमित्ताने जे वाचले व पाहिले ते येथे मांडावेसे वाटते.

बालाघाट हा मध्य प्रदेशाचा दक्षिणेकडचा जिल्हा, आपल्या गोंदियाला अगदी लागून. वैनगंगा तेथूनच खाली भंडाऱ्याकडे येते. आमचे वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरीला होते. त्यांनी टेकडीच्या उतारावर जागा घेतली आणि सगळेच करतात तसे केले : आधी उतार खणून सपाट केला, खालच्या बाजूला दगडी भिंत घालून तिच्यामागे माती भरली आणि त्या सपाटीवर घर बांधले. तिसऱ्या पावसाळ्यात ती दगडी भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली. कारण पुढे कळले. भरावात मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला भिंतीत भोकेच ठेवलेली नव्हती. ओल्या मातीचे वजन आणि पाण्याचा दाब मिळून भिंतीला ढकलतात. पाण्याला वाट दिली की निम्मे काम होते. गवंड्याने नंतर भोके पाडली, ती आजही पावसाळ्यात गळत असतात.

घराची मागची बाजू डोंगर आणि जंगलाकडे आहे. आणि नेमकी तीच भिंत आंधळी! पाऊस त्या बाजूने झोडपतो, शिवाय रात्री जनावराची भीती, म्हणून वडिलांनी तिकडे एक झरोकासुद्धा ठेवला नाही. त्या भिंतीच्या आतल्या अंगाला एक चित्र आहे. आमच्याकडे कामाला येणारी एक गोंड बाई होती, आम्ही तिला मावशी म्हणत असू. बहिणीच्या लग्नात तिने छुई मातीने भिंत पांढरी केली आणि गेरू व काजळीने तिच्यावर ढिगना काढला. ढिगना म्हणजे गोंडांच्या घरी जमिनीवर व भिंतीवर काढतात ती रेषांची, चौकोनांची नक्षी. मावशी होती तोवर दर दिवाळीला त्यावर पुन्हा हात फिरवी. आता ती नाही. खिडकी पाडली तर डोंगर दिसेल, पण ढिगना जाईल. भावाचा खरा पेच हा आहे.

हा पेच एकट्या आमच्या घराचा नाही, हे मला पुढे कळले. ज्या घरातून देखावा दिसावा आणि ज्या घरात चित्रेही टांगावीत, त्या प्रत्येक घरात हे भांडण आहे. देखाव्याला खिडकी लागते, चित्राला भिंत लागते. आणि जेथे खिडकी येते तेथली भिंत जाते. शिवाय उजेड हा चित्राचा शत्रू. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंग उडतात, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांवर साधारण ५० लक्स आणि तैलचित्रांवर सुमारे २०० लक्स इतकाच उजेड पडू देतात. भर दुपारी उघड्यावर उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो, यावरून एका मोठ्या खिडकीने काय होईल याची कल्पना यावी.

श्रीमंतांनी यावर निरनिराळे तोडगे काढले आहेत. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलाच्या काराकास शहरी एका टेकडीच्या माथ्यावर प्लांचार्ट दांपत्यासाठी जिओ पोन्ती या इटालियन वास्तुशिल्पकाराने १९५३ ते १९५७ या काळात एक घर बांधले. चोहीकडचा देखावा आणि मालकांचा चित्रसंग्रह, दोन्ही सांभाळून ते रचलेले आहे. मालक शिकारीचे शौकीन होते. त्यांनी मारलेल्या जनावरांची मुंडकी पोन्तीने फिरत्या फळ्यांवर बसवली. फळी फिरवली की मुंडकी भिंतीआड! बालाघाटच्या जुन्या डाकबंगल्यांतली धूळ खात पडलेली सांबरशिंगे आठवून मला पोन्तीच्या युक्तीचे फार कौतुक वाटले.

आपल्याकडे मुंबईत कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांची 'कांचनजंगा' ही २८ मजली इमारत आहे. ती १९८३ साली पुरी झाली. तेथील ३२ घरांपुढे अडचण आमच्या मागच्या भिंतीचीच होती. मुंबईत समुद्राचा देखावा पश्चिमेला, पण दुपारचे ऊन आणि पावसाळ्याचा मारा हेही तिकडूनच. जुन्या बंगल्यांत खोल्यांभोवती व्हरांडा असे; ऊनपाऊस तो झेली आणि आतली माणसे कोरडी राहत. कोरिया यांनी हाच व्हरांडा उंच इमारतीत नेला. इमारतीचे कोपरे कोरून प्रत्येक घराला दोन मजले उंचीची खोल गच्ची दिली. म्हणजे देखावा खिडकीतून पाहायचा नाही, गच्चीत येऊन पाहायचा, आणि खोलीच्या भिंती खोलीसाठी मोकळ्या ठेवायच्या. गोष्ट साधी आहे. आपल्या ओट्याला जे ठाऊक होते तेच हे.

कोरिया यांचे घराणे मूळचे गोव्याचे, जन्म १९३० चा सिकंदराबादचा, शिक्षण अमेरिकेत, आणि कार्यालय मुंबईत. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) आणि पणजीची कला अकादमी या त्यांच्याच वास्तू. २०१५ साली ते वारले. पण माझ्या भावाच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर त्यांनी मध्य प्रदेशातच, भोपाळला देऊन ठेवले आहे. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालेले ते 'भारत भवन'. राहते घर ते नव्हे, कलांचे घर. तेथे चित्रे आहेत, नाट्यगृहे आहेत, कवितेचे ग्रंथालय आहे. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांनी एक नोंद घ्यावी : तेथील 'रंगमंडल' या नाटकमंडळीचे पहिले प्रमुख म्हणजे कन्नड रंगभूमीचे ब. व. कारंत. आणि कुमार गंधर्व तर आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, आजारपणात देवासला गेले आणि तेथल्या टेकडीच्या पायथ्याशी कायमचे राहिले. मध्य प्रदेशाने कानडी मुलखाकडून पुष्कळ घेतले आहे.

मी भारत भवन पहिल्यांदा पाहिले तेव्हा चुकामूक झाली. श्यामला हिल्सच्या रस्त्यावर रिक्षावाल्याने मला उतरवले, आणि समोर इमारतच दिसेना. दिसत होती ती एक बुटकी भिंत व पलीकडे आभाळ. आत शिरलो तर पायऱ्या खाली उतरत होत्या. घाटावरून नदीत उतरावे तसे आपण एकेक गच्ची उतरत जातो, आणि खाली भोपाळचा मोठा तलाव पसरलेला असतो. इमारत कोठे आहे? ती त्या गच्च्यांच्या पोटात आहे. वरच्या दालनाचे छप्पर म्हणजे आपण चालतो ती फरशी. मध्ये मध्ये खोल चौक कोरलेले आहेत आणि दालने त्या चौकांकडे तोंड करून बसली आहेत.

येथे उतार सपाट केलेला नाही, ही गोष्ट वडिलांच्या भिंतीमुळे माझ्या प्रथम ध्यानात आली. वही उभी कापावी तशी टेकडी उभी कापून कागदावर काढली, म्हणजे ज्याला वास्तुशास्त्रात छेद म्हणतात तो काढला, तर भारत भवन जिन्यासारखे दिसेल. एकच उंच भराव घातला की त्यामागच्या मातीचा सारा भार एका भिंतीवर येतो. उतार लहान लहान टप्प्यांत विभागला की प्रत्येक भिंतीच्या वाट्याला थोडी माती येते. कोकणात डोंगरावर भातखाचरे करणारा शेतकरी हेच करतो. दुसरा फायदा गारव्याचा. तीन बाजूंनी माती असलेली खोली उन्हाळ्यात तापत नाही, आणि भोपाळचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला याचे मोल सांगावे लागणार नाही.

आता खिडकी आणि भिंत यांचे भांडण. देखावा सगळा गच्च्यांना दिला आहे. तलाव पाहायचा तर बाहेर या, पायरीवर बसा. दालनांच्या भिंती चित्रांसाठी राहिल्या. उजेड मग येतो कोठून? वरून. छपरावर काँक्रीटची धुराड्यासारखी मोठी तोंडे बांधली आहेत, त्यांतून तो आत उतरतो. थोडा गच्चीच्या कठड्यातल्या फटींतून येतो, आणि उरलेला चौकाच्या बाजूने. चौकाकडच्या दारांना दोन पदर आहेत. आतल्या पदरात काही काचा पक्क्या आणि काही फळ्या उघडझाप करणाऱ्या, उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी. बाहेरचा पदर भक्कम जाड दारांचा, रात्री लावून घेण्यासाठी. वाड्याच्या चौकात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण संग्रहालय म्हटले की बंद पेटी, अशी सवय झालेल्या डोळ्यांना मात्र वाटते.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण त्या भिंतींवर टांगले काय आहे, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या दृष्टीने तो वास्तूहून मोठा आहे. तेथील 'रूपंकर' हे कलासंग्रहालय चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी उभे केले. शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार एकाच छपराखाली, एकाच मानाने दाखवायचे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या मध्य प्रदेशाच्या खेड्यापाड्यांत पाठवल्या. बालाघाटच्या शेजारच्या तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात पाटणगढ या गावी एका घराच्या भिंतीवरचे चित्र पाहून अशी एक तुकडी थबकली. काढणारा विशीच्या आसपासचा परधान गोंड तरुण होता, जनगढसिंह श्याम. परधान हे गोंडांचे गायक. बाणा हे वाद्य वाजवून यजमानाच्या दारी कुळकथा गाणे हा त्यांचा धर्म. जनगढ भोपाळला आला, भिंत सोडून कागदावर आणि कॅनव्हासवर ते देव, ते हरीण, ते झाड काढू लागला. १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात होती. कोरिया यांनीच बांधलेल्या भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतीही त्याने रंगवल्या. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना त्याने आत्महत्या केली. घरापासून इतक्या दूर, वय चाळिशीच्या आतले.

दुसरी गोष्ट भुरीबाईंची. झाबुआकडच्या पिटोल गावच्या या भिल्ल बाई भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होत्या, रोजची मजुरी ६ रुपये. स्वामिनाथन यांनी त्यांना गावी भिंतीवर काढतात ते कागदावर काढायला सांगितले. ज्या भिंतींसाठी त्यांनी डोक्यावरून माल वाहिला, त्याच भिंतींवर पुढे त्यांची चित्रे लागली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मन एका बाजूला झुकत नाही. गावातल्या भिंतीवरचे चित्र टिकण्यासाठी काढलेलेच नसते. पावसाळ्यात ते जाते, दिवाळीला पुन्हा येते. ते जिवंत राहते ते हातामुळे. संग्रहालयात चित्र राहते आणि हात दूर जातो. असे असले तरी संग्रहालये नसती तर भुरीबाईंचे नाव आपल्याला कळले असते का? नसते. मावशीचे कळले नाहीच. तिने आमची भिंत रंगवली तेव्हा तिला एक लुगडे दिले होते, एवढे आईच्या हिशेबाच्या वहीत आहे. नाव तेथेही 'कामवाली बाई' असेच आहे. या ओळीची मला आता लाज वाटते.

मी भावाला कळवले ते असे. भिंत फोडू नकोस. माजघरावर कौले आहेत, त्यांतली चार काढून काचेची बसव, म्हणजे उजेड वरून येईल. मात्र ती ढिगन्याच्या अगदी डोक्यावर नकोत, ऊन सरळ भिंतीवर उतरता कामा नये. डोंगर पाहायचा असेल तर स्वयंपाकघराच्या कडेला दार काढ आणि मागे लांब पत्रे घालून एक ओटा बांध. ओट्याखालच्या भिंतीत भोके ठेवायला विसरू नकोस. आणि मावशीची नातसून बैहरला असते असे वहिनी म्हणत होती, तिला विचारून पाहा, ती हात फिरवायला येईल का. यंदा मजुरी तिने सांगावी आणि नाव वहीत लिहावे.

त्याचा परवा निरोप आला. कौले काढणारा माणूस दिवाळीनंतर मिळेल, दारासाठी सागवान फार महाग झाले आहे. बैहरला तो रविवारी जाणार आहे.