निवडलेली स्थानके आणि अनुक्त नियम

जबलपूरहून नैनपूर व बालाघाट या मार्गे गोंदियास जाणारा लोहमार्ग पूर्वी नॅरोगेज होता. आता तो ब्रॉडगेज झाला आहे. या मार्गाची माहिती एक्सएमएल पद्धतीने लिहून ठेवली आहे, अशी कल्पना करू. 'मार्ग' या घटकाखाली एकेक 'स्थानक' आणि प्रत्येक स्थानकाच्या पोटात 'नाव', 'राज्य' व केवळ कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेले 'टिपण', असा हा वृक्ष होय. (घटकांची नावे देवनागरीतही चालतात, ही सोय फार थोडे लोक वापरतात.) वृक्षातील प्रत्येक गाठीस नोड म्हणतात.

प्रवाशांसाठी महाराष्ट्रातील स्थानकांचीच यादी छापावयाची आहे. नवशिका माणूस एक्सएसएलटीत एवढा एकच नियम लिहितो: ज्या स्थानकाचे राज्य महाराष्ट्र असेल, त्याचे नाव छापावे. परंतु गोंदियाबरोबर जबलपूर, नैनपूर, बालाघाट ही नावेही उमटतात आणि, अधिक वाईट म्हणजे, त्यांची अंतर्गत टिपणेसुद्धा!

असे का व्हावे? १६ नोव्हेंबर १९९९ रोजी संमत झालेल्या एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीतच काही अंगभूत नियम आहेत. ज्या घटकाविषयी लेखकाने काहीच सांगितले नाही, त्याच्या पोटात शिरावे आणि मजकूर सापडल्यास तो जसाच्या तसा छापावा, असे ते नियम सांगतात. म्हणजे 'मॅच'मधील अट नोडची निवड करीत नाही. समोर आलेल्या नोडला कोणता नियम लागू पडतो, एवढेच ती ठरवते. कोणते नोड समोर यावेत, हे 'अप्लाय-टेम्प्लेट्स' या आज्ञेतील 'सिलेक्ट' ठरवते. तेव्हा 'मार्ग' या घटकासाठी वेगळा नियम करून त्यात 'सिलेक्ट'पुढे स्थानक[राज्य='महाराष्ट्र'] असे लिहावे. मग इतर स्थानकांकडे प्रक्रिया फिरकतच नाही. गोंदियाचे टिपणही सुटते, कारण लेखकाचा नियम लागू झाल्यावर, तशी आज्ञा असल्यावाचून, त्या घटकाच्या आत कोणी शिरत नाही.

दुसरा उपाय म्हणजे 'स्थानक' या घटकासाठी एक रिकामा नियम लिहिणे. अट असलेल्या नियमाचा अग्रक्रम ०.५ व नुसत्या नावाच्या नियमाचा ० असल्याने गोंदिया वाचते, बाकीची स्थानके गळतात. मात्र उद्या 'मार्ग'खाली एखादा नवाच घटक आला, तर त्याचा मजकूर पुन्हा पाझरेल. २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत, नियम नसलेल्या नोडचे काय करावे हे 'मोड'च्या घोषणेतच सांगता येते. जुन्या प्रोसेसरला मात्र ती घोषणा कळत नाही, तेथे 'सिलेक्ट' वापरणे सोयीचे.