गौताळ्यातला वाघ कसा ओळखला?



आपल्या देवगाव रंगारीच्या हॉस्टेलवरून रविवारी कन्नडमार्गे गौताळ्याला जाणारे बरेच जण आहेत. पहिल्या वेळी आम्ही मोबाईलवर गाणी लावून, आरडाओरडा करत फिरलो आणि "इथे प्राणीच नाहीत यार" म्हणत परत आलो. खरं तर १९८६ साली घोषित झालेल्या, सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात बिबट्या आहे, अस्वल आहे. मार्च २०२१ मध्ये तर चक्क वाघ आला! यवतमाळकडच्या टिपेश्वरहून सुमारे ३३० किलोमीटर चालत.

हे कळलं कसं? कॅमेरा ट्रॅपमुळे. समोरून प्राणी गेला की त्यातला इन्फ्रारेड सेन्सर अंगाची उष्णता टिपतो आणि फोटो निघतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. टिपेश्वरच्या वाघाशी पट्टे जुळले आणि ओळख पटली.

आपल्याकडे सेन्सर नाही, पण डोळे-कान आहेत ना! ओढ्याकाठच्या ओल्या मातीत बघा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या सहसा नाही. वानर खोकल्यासारखं ओरडलं, तर त्याने बिबट्या पाहिला असेल. मग पुढे जायचं नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही गप्प चाललो. बिबट्या दिसला नाही, पण नखांशिवायचा एक ठसा सापडला. येताना वेफर्सची पाकिटं, आमची आणि दुसऱ्यांचीही, बॅगेत भरून आणली. शेवटी ते त्यांचं हॉस्टेल आहे, आपण पाहुणे!