परडीच्या विषाची परीक्षा
परड, म्हणजे घोणस, चावलेला मजूर दवाखान्यात आणला की कोरड्या काचेच्या नळीत त्याचं थोडं रक्त घेतात, वीस मिनिटं नळीला हात लावत नाहीत, मग ती तिरपी करतात. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर विष भिनलं. बाळापूरच्या शेतकऱ्याला हे नवं नाही. त्याच सापाचं विष वहिनींच्या रक्तात टाकलेलं मात्र मी अकोल्यात पाहिलं.

वहिनी अडतीस वर्षांच्या. बीपी नाही, शुगर नाही. भाकरी थापता थापता उजवा हात लुळा पडला. मेंदूच्या धमनीत गुठळी. त्याआधी दोनदा गर्भ गेला होता, ते आम्ही नशिबावर ढकललेलं. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या.

निळ्या झाकणाची नळी. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. रक्त रेघेपर्यंत आलं नाही तर पुन्हा टोचणं. नमुना दोनदा फिरवला, कारण प्लेटलेट उरल्या तर दोष लपतो. वर आलेल्या पिवळसर द्रवात पातळ केलेलं विष, थोडं फॉस्फोलिपिड आणि कॅल्शियम. नळीत हे विष गोठण्याला चालना देतं; निरोगी माणसाचं अर्ध्या-पाऊण मिनिटात गोठतं. वहिनींचं मिनिट उलटलं तरी पातळच. निम्मा निरोगी माणसाचा द्रव मिसळला, तरी उशीरच. म्हणजे काही कमी नव्हतं, काहीतरी आडवं येत होतं. मग फॉस्फोलिपिड जास्त घातलं आणि झटकन गोठलं. आडवी येणारी होती वहिनींच्याच शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं.

गंमत अशी, की नळीत रेंगाळणारं हे रक्त अंगात भलत्या जागी गोठतं. प्रतिपिंडं धमनीचं अस्तर चिडवतात, प्लेटलेट भडकवतात. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 मध्ये गुठळ्या, लकवा आणि गर्भपात यांची सांगड घातली. अशा रक्ताची व्हीडीआरएल तपासणी गरमी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते; त्यापायी किती बायांनी फुकटचा संशय सोसला असेल!

बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, कारण एखाद्या तापानंतरही ही प्रतिपिंडं तात्पुरती दिसतात. तोवर रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी, गोठण्याचा आयएनआर आकडा दोन ते तीनच्या मध्ये. पालेभाजी बंद नाही, पण कधी ढीगभर, कधी काहीच नाही, असं चालत नाही. वारंवार रक्त तपासावं न लागणारी नवी गोळी का नको, असं मी विचारलं. 2018 च्या इटलीतल्या चाचणीत या आजाराच्या जोखमीच्या रुग्णांना तिच्यावर जास्त झटके आले, म्हणून जुनीच बरी, असं उत्तर मिळालं. ही जुनी गोळी 1948 मध्ये उंदीर मारायला बाजारात आली होती, हे मी एसटीत वहिनींना सांगितलं.

"परडीचं इख, वरतून उंदराची गोळी," त्या म्हणाल्या. "भाऊजी, वावरातलं काही बाकी ठेवलं का डॉक्टरनं?"