नव्वदीतही वाढते स्नायूंचे बळ

लग्नकार्यात पंगतीला मांडी घालून बसायचे म्हटले, की साठी ओलांडलेली मंडळी हल्ली आधी टेबल-खुर्चीची सोय कुठे आहे, ते पाहतात. बसणे एकवेळ जमते. उठायचे कसे, हा खरा प्रश्न असतो. 'आता वय झाले' असे म्हणून तो विषय संपवला जातो. दोष गुडघ्यांना दिला जातो, वाढलेल्या वजनाला दिला जातो. मांडीतील स्नायूंकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक पाहता, बसलेल्या शरीराचा भार जमिनीवरून उचलण्याचे काम प्रामुख्याने त्यांचेच असते.

तिशीनंतर दर दशकात माणसाच्या स्नायूंचे वस्तुमान साधारणपणे तीन ते आठ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ इर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ मध्ये या घटीला 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. हे दारिद्र्य वजनकाट्यावर दिसत नाही, हीच त्यातील गोम आहे. स्नायूंची जागा चरबी घेत जाते, काटा तिथेच राहतो आणि माणूस 'वजन काही बदललेले नाही' या समाधानात असतो. शिवाय वस्तुमानापेक्षा ताकद अधिक वेगाने घटते.

स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथपणे, दीर्घकाळ काम करणारे तंतू चालण्या-उभे राहण्यासाठी उपयोगी पडतात. झटकन जोर लावणारे तंतू जिन्यावर पाय निसटला असता तोल सावरण्यासाठी. वयोमानानुसार अधिक झिजतात ते हे दुसरे. त्यामुळे रोज तासभर चालणारा सत्तरीचा गृहस्थ न्हाणीघरातील ओल्या फरशीवर स्वतःला सावरू शकत नाही आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळतो. अंथरुणात पडून राहिल्याने उरलेसुरले स्नायूही झपाट्याने घटतात. अनेक घरांना हे चक्र परिचयाचे आहे.

दुसरा परिणाम मधुमेहाशी निगडित आहे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर इन्सुलिनच्या साहाय्याने साठवून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान झाले, की साखर रक्तातच रेंगाळते. मुठीच्या पकडीतूनही बरेच काही कळते. भारतासह १७ देशांतील सुमारे एक लाख ४० हजार लोकांच्या पकडीची मोजणी केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पकड पाच किलोने कमी असेल, तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक, असे त्यात आढळले. अर्थात पकड ही एकूण प्रकृतीची खूण आहे. केवळ मूठ आवळण्याचा व्यायाम करून आयुष्य वाढते, असा त्याचा अर्थ नव्हे.

ही घट थोपवता येते का? या प्रश्नाचे ठोस उत्तर १९९० मध्ये मिळाले. डॉ. मारिया फिआतारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन येथील वृद्धांच्या शुश्रूषागृहातील दहा दुर्बल रहिवाशांची निवड केली. त्यांचे सरासरी वय होते ९०. पायाला वजन लावून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम त्यांच्याकडून आठवडे आठ, आठवड्यातून तीनदा करवून घेण्यात आला. आणि वजनही लुटुपुटीचे नव्हे, तर त्यांना एका वेळी जास्तीत जास्त जेवढे उचलता येई, त्याच्या सुमारे ८० टक्के. त्या काळी या वयाच्या माणसांना असे वजन देणे धाडसाचेच मानले जाई. नऊ जणांनी हा क्रम पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, तर मांडीच्या स्नायूंचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी.

या दोन आकड्यांतील तफावत बोलकी आहे. स्नायू थोडासाच वाढला, मग ताकद जवळजवळ तिप्पट कशी झाली? कारण ताकद ही केवळ स्नायूंची नसते, ती मज्जासंस्थेचीही असते. वापर नसल्यामुळे अनेक तंतूंना मेंदूकडून नीट हुकूमच जात नाही. भार उचलण्याची सवय लागली, की पहिल्या काही आठवड्यांत हे निद्रिस्त तंतू कामाला लागतात. स्नायूंची प्रत्यक्ष वाढ त्यामागून, सावकाश होते. म्हणूनच उशिरा सुरुवात करणाऱ्यालाही महिना-दीड महिन्यात जिना सोपा वाटू लागतो. याच चमूने १९९४ मध्ये सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० जणांवर केलेल्या प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली. ज्यांना व्यायामाविना नुसता पूरक आहार दिला, त्यांना मात्र विशेष लाभ झाला नाही. 'ताकदीसाठी' आजोबांना महागड्या भुकटीचे डबे आणून देणाऱ्या मुला-सुनांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

'आम्ही रोज सकाळी फिरायला जातो की!' असे उत्तर यावर हमखास मिळते. चालणे हृदयासाठी उत्तमच. परंतु शरीराला ज्या भाराची सवय झाली आहे, त्याने स्नायू वाढत नाही. तो वाढतो सवयीपेक्षा अधिक भार पडल्यावर, आणि तो भार हळूहळू वाढवत नेल्यावर. घरकामाचेही तेच. जाते, पाटा-वरवंटा आणि विहिरीचे पोहरे गेले. उरलेल्या कामात दमणूक पुष्कळ, पण स्नायूंवर चढता भार नाही. त्यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासारख्या व्यायामाव्यतिरिक्त आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळासाठी, आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी किमान तीन दिवस बळ व तोल या दोहोंसाठी व्यायाम सांगितलेला आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. तालमीतील जोर-बैठका आणि मुद्गल म्हणजे दुसरे काय? औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार करताना तो स्त्री-पुरुष, आबालवृद्ध सर्वांसाठी केला. तालीम मात्र तरुण पहिलवानांचीच राहिली आणि पन्नाशीनंतर व्यायाम 'झेपेल तेवढा', म्हणजे बहुधा बंद, असा प्रघात पडला.

सुरुवात घरातील खुर्चीपासून करता येते. भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीतून हात छातीशी दुमडून पाच वेळा उठावे-बसावे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार याला १२ सेकंद वा अधिक लागल्यास, तसेच मुठीची पकड पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरल्यास स्नायूंची तपासणी करून घेणे इष्ट. हीच कसोटी मग व्यायाम होते : आठ-दहा वेळा उठबस, थोडी विश्रांती, पुन्हा तेवढीच. ती सोपी झाली, की हातात पाण्याची लिटरभराची बाटली धरावी. म्हणजे सुमारे किलोभर वजन वाढले. भिंतीवर तळहात टेकवून जोर काढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, पिशवीत दोन किलो तांदूळ घालून ती कोपरातून वर उचलणे, एवढ्याने प्रमुख स्नायूंना काम मिळते. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडले पाहिजेत. न पडल्यास भार कमी आहे, असे समजावे. मध्ये एक दिवस विश्रांती द्यावी.

जोर लावताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा ठिसूळ हाडे असल्यास आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक. गुडघेदुखी मात्र सबब होऊ शकत नाही. मांडीचे स्नायू बळकट झाल्यास संधिवाताची दुखणी बहुतेकदा कमीच होतात.

आहाराची बाजू आपल्याकडे लंगडी आहे. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवीत, असे अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७५ ग्रॅम. वाटीभर वरणासाठी लागणाऱ्या ३० ग्रॅम डाळीतून जेमतेम सात ग्रॅम मिळतात, अंड्यातून सुमारे सहा. रात्री केवळ मऊ भात आणि पातळ वरण घेणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. उसळ, दही, पनीर, मासे, अंडी यांची जोड प्रत्येक जेवणात लागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

बोस्टनच्या त्या नव्वदीतील मंडळींचा व्यायाम पुढे चार आठवडे थांबवून पाहण्यात आला, तेव्हा त्यांची ताकद सुमारे एक तृतीयांशाने उतरली. आजारपण किंवा प्रवासामुळे खंड पडल्यास पूर्वीच्या निम्म्या भाराने सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर यावे.