अंगणात गावठी गुलाबच लावा!

आपल्या सोनई गावच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, म्हणून मुरूम-शेणखत घालून वाफा उंच करा. डच गुलाब दिसायला देखणे, पण वासाच्या नावाने बोंब! गुलकंदाला गावठी गुलाबच हवा. त्यातला एडवर्ड हा वाण बोर्बन कुळातला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या जुन्या नावावरून हे कूळ ओळखलं जातं. छाटणी ऑक्टोबरात. फुलं ऊन चढायच्या आत तोडा, नंतर वास उडतो.

पाकळ्या आणि खडीसाखर समान वजनाने, काचेच्या बरणीत थरावर थर, तोंडाला फडकं, तीन-चार आठवडे ऊन. साखर विरघळून पाकळ्या गडद, चिकट झाल्या की गुलकंद तयार. औषध फवारलेली फुलं मात्र अजिबात नकोत.

जुनं झाड असेल तर छाटणीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या फेकू नका, शेजाऱ्यांना लावायला द्या.