वॉरंटी संपली, जबाबदारी संपली का?

चारकोपच्या मार्केटमधल्या कुठल्याही मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे पाच मिनिटं उभे राहा, एक वाक्य हमखास ऐकू येईल : "वॉरंटी संपली आणि लगेच बिघडला हो!" पण मित्रांनो, कधी कधी कंपनी वॉरंटीचा विचार न करता स्वतःहून दुरुस्ती करून देते. का? दानधर्म म्हणून? छे! त्यामागे गणित आहे.

रिलायबिलिटीमधला 'बाथटब कर्व्ह' आठवा. वस्तू सुरुवातीला जास्त बिघडतात (कच्चं सोल्डरिंग वगैरे), मग बराच काळ क्वचित, आणि शेवटी झिजून पुन्हा जास्त. वॉरंटी मुख्यतः सुरुवातीच्या बिघाडांसाठी असते. झिजेचा खर्च आपला. इथपर्यंत ठीक. पण एकाच मॉडेलमधला एकच भाग हजारो घरांत अकाली जायला लागला, तर त्याला झीज म्हणत नाहीत. तो दोष खोक्यातूनच आलेला असतो, फक्त उशिरा दिसतो.

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबद्दल इशारा दिला. मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंग करताना तापण्याची शक्यता होती. बॅटरीवरचा नंबर जुळला की नवी बॅटरी फुकट! त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० च्या 'तीन लाल दिव्यां'च्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षं केली आणि आधी पैसे भरलेल्यांना ते परतही दिले. खर्च १०० कोटी डॉलरच्या वर!

आपल्याकडे २०१० मध्ये काही नॅनो गाड्या पेटल्या. डिझाइनमध्ये दोष नाही, असं टाटा मोटर्सचं म्हणणं होतं. तरीही एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून दिलं, आणि दीड वर्षाची वॉरंटी जुन्या गिऱ्हाइकांनाही चार वर्षं केली. कारण उघड आहे : त्या नोव्हेंबरमध्ये जेमतेम ५०९ नॅनो विकल्या गेल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च एकदाच होतो, गेलेला विश्वास मात्र दर महिन्याच्या विक्रीत दिसतो.

शिवाय कायदा आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तूमुळे इजा झाली, तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते.

गोम एवढीच, की प्रत्येक कंपनी अशी जाहीर घोषणा करत नाही. पुष्कळदा जो भांडतो त्यालाच 'गुडविल' म्हणून सूट मिळते. बाकीचे मुकाट्याने बिल भरतात. म्हणून घरच्या टीव्हीचा बोर्ड गेला तर आधी शोधा, हाच बिघाड इतरांकडेही झालाय का. बिल जपून ठेवा, कंपनीला लेखी कळवा. दाद नाहीच लागली, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि उद्या आपल्यापैकीच कोणाच्या तरी टेबलावर अशा बिघाडांचे आकडे येतील. तेव्हा ती फाईल खाली सरकवायची की वर पाठवायची, हे आपल्यालाच ठरवायचंय!