मोटारीचे एंजिन आकाशात

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे बर्नार्ड पिटनपोल (1901–1984) नावाचा एक हुन्नरी यांत्रिक राहत असे. विमान स्वतःच्या हातांनी बांधावे आणि त्यातून उडावे, असा ध्यास त्याने घेतला होता. लाकूड मिळत होते, कापड मिळत होते. अडचण होती ती एंजिनाची. खास विमानासाठी घडविलेले एंजिन सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. मग रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीचेच एंजिन विमानाला जोडले तर?

हा विचार अगदीच नवा नव्हता. राइट बंधूंनीही आपल्या विमानासाठी मोटारींच्या कारखानदारांकडे विचारणा केली होती. परंतु हवे तितके हलके एंजिन कोणीच देऊ शकला नाही. अखेर त्यांच्या दुकानातील चार्ली टेलर या कारागिराने ते घडविले व 1903 साली विमान उडाले.

मोटारीचे एंजिन बहुतेक वेळ आरामात असते. सपाट रस्त्यावर त्याला आपल्या शक्तीचा थोडाच अंश खर्चावा लागतो; घाट आला म्हणजे तेवढ्यापुरते ते कष्टते. विमानाचे एंजिन मात्र जणू न संपणारा घाट चढत असते. उड्डाणाच्या वेळी ते पूर्ण जोराने चालते आणि पुढेही तासन् तास त्याला फारशी उसंत नसते. शिवाय मोटार बंद पडली, तर खाली उतरून ती ढकलता येते. आकाशात ती सोय नाही! एंजिन थांबताच विमान दगडासारखे कोसळते असे नाही, ते तरंगत खाली येते. पण उतरण्याजोगी जमीन जवळ असलीच पाहिजे.

पिटनपोलने फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे एंजिन निवडले. ते वजनाने हलके नव्हते. त्याचा गुण निराळाच होता. चार सिलिंडरांचे हे एंजिन मिनिटाला अवघ्या 2200 फेऱ्यांत 40 अश्वशक्ती देई. मंद गतीला एवढे महत्त्व का, ते पाहू. सहा फूट लांबीचा पंखा मिनिटाला 4000 फेरे फिरविला, तर त्याच्या टोकांचा वेग ध्वनीच्या वेगाहूनही अधिक होतो. मग आवाज भयंकर वाढतो आणि ओढ मात्र घटते. आजच्या मोटारींची एंजिने हलकी खरी, परंतु त्यांची शक्ती अतिवेगात प्रकट होते. म्हणून त्यांना गती कमी करणारी दंतचक्रे किंवा पट्टा जोडावा लागतो. तेवढे वजन वाढते, आणि बिघडू शकणारी आणखी एक वस्तू विमानात येते.

पिटनपोलने एंजिनाचे जड फ्लायव्हील काढून टाकले, कारण फिरता पंखाच त्याचे काम करतो. ठिणगीसाठी बॅटरीवर विसंबून न राहता त्याने स्वतःच वीज निर्माण करणारा मॅग्नेटो बसविला. रेडिएटर एंजिनाच्या वर उभा केला. त्यामुळे समोरचे नीट दिसत नसे, हा त्या विमानाचा एक दोषच म्हणावा लागेल.

एंजिन बसविले म्हणजे काम संपत नाही. ते जुळवून घ्यावे लागते. विमान मागून भक्कम बांधून ठेवतात, एंजिन पूर्ण जोराने चालवितात आणि फेरे मोजतात. फेरे फारच कमी भरले, तर पंख्याचा पीळ जास्त आहे. फारच वाढले, तर पीळ कमी आहे असे समजावे. पेट्रोल व हवा यांचे मिश्रणही नेमके हवे. पूर्ण जोरात असताना पेट्रोल कमी पडले, तर एंजिन भलतेच तापते आणि झडपा जळतात.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे बर्फ. कार्बोरेटरच्या अरुंद नळीत पेट्रोलची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते. म्हणून बाहेर गारठा नसतानाही, हवा दमट असली की नळीत बर्फ साचतो. एंजिनाचा श्वास कोंडतो व ते हळूहळू मंदावते. यासाठी एंजिनाच्या तप्त नळ्यांभोवतीची गरम हवा कार्बोरेटरकडे वळविण्याची सोय ठेवतात. तिची कळ वेळीच ओढली पाहिजे. एंजिन थंड पडल्यावर गरम हवा आणावी कोठून?

1929 साली पिटनपोलचे हे दोन आसनी विमान फोर्डच्या एंजिनावर उडाले. एका मासिकाच्या संपादकाला ही गोष्ट पटत नव्हती. तेव्हा 1930 साली तशी दोन विमाने मिनीॲपोलिसजवळ नेऊन त्याच्यापुढे उभी करण्यात आली. पुढे त्याच मासिकाच्या मंडळींनी विमानाचे आराखडे छापले, आणि त्यांवरून हौशी लोक आजही विमाने बांधतात. अशा घरगुती विमानात मोटारीचे एंजिन असेल, तर अमेरिकेत प्रथम साधारणपणे 40 तास चाचणी-उड्डाणे करावी लागतात. तेवढे तास ती ठरलेल्या क्षेत्रातच करावयाची, आणि हौसेखातर कोणा पाहुण्याला बरोबर घ्यावयाचे नाही.